अकीलच्या गिटारमधली सुपारी

बुलढाण्यात आमच्या घरच्या सगळ्या गाद्या अकील मन्सुरीने भरलेल्या आहेत. धंदा आजोबांपासूनचा. आजोबा पिंजणीची तार छेडत गल्लोगल्ली फिरायचे; पुढे मशीन आले आणि घरातली तार मुकी झाली. म्हणूनच याने गिटार घेतली असेल, असे त्याची बायको सबीहा सांगते. कौतुकाने सांगत नाही.

गिटार विजेवरची, अकोल्याहून जुनी आणलेली. तारा ज्या पट्टीला अडकवतात, तिला एक लोखंडी दांडी. ती दाबली की पट्टी झुकते, तारा सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की पाठीमागच्या स्प्रिंगा पट्टीला जागेवर ओढतात. पाठवणीच्या गाण्यात अकील ही दांडी अशी हलवायचा, की गिटार हुंदके देते आहे असे वाटे. लग्नांत वाजवणाऱ्या कडूबा मास्तरच्या बँजो पार्टीत त्याला जागा मिळाली ती या हुंदक्यांमुळेच.

पण स्प्रिंगा म्हाताऱ्या. पट्टी नेमकी जागेवर परतत नसे आणि सगळ्या तारा बेसूर होत. त्यात अकीलला हात आवरत नसे. वरातीतल्या नाचाच्या गाण्यातही दांडी हलायची, मग वरात उभी करून तारा जुळवणे आले. चिखलीकडच्या एका लग्नात हे इतके लांबले, की घोडा कंटाळून नवरदेवासकट जानवशाकडे परत निघाला.

परत आल्यावर बुलढाण्यात उतरताना कडूबा म्हणाला, "अकील, आता सोनाळ्याची वरात थांबली, तं तू आपल्या गाद्याच भर."

"मास्तर, स्प्रिंगा जुन्या हायेत."

"स्प्रिंगा नाही बे, तुहा हात. दांडी तरी बांध, नाही तं हात तरी."

सोनाळ्याचे लग्न सहदेवरावांच्या मुलीचे, छकुलीचे. ते माझे जुने स्नेही, म्हणून पुढचे मला माहीत. पार्टी ठरवायला त्यांची बहीण तानुबाई स्वतः बुलढाण्याला आली होती. शेजारच्या लग्नात पाठवणीला कोणाच्याच डोळ्यांत पाणी आले नव्हते. सगळे फोटो काढण्यात गुंतले आणि नवरीने हसत हात हलवला. गावात त्याची चर्चा झाली. आपल्या घरी तसे होऊ नये म्हणून तानुबाईने हळद लावलेली सुपारी थेट अकीलच्या हातावर ठेवली. पार्टीचा नियम असा, की घेतलेली सुपारी काम फत्ते होईपर्यंत ज्याने घेतली त्याच्याजवळच राहते.

अकीलने आधी दांडीच काढून पाहिली. तरी तळहात पट्टीवर पडून सूर घसरायचाच. मग गिटारच्या पाठीचे झाकण उघडून, पट्टीला खालून जोडलेला ठोकळा हलू नये म्हणून पोकळीत पाचर मारायचे ठरवले. लाकूड निसटे, रबर दबे. कंटाळून त्याने खिशातली सुपारी घातली. ती अशी बसली, की गिटार त्याच मापाने केली असावी. दांडी परत लावून दाबली. ती जागची हलेना. सुपारीही आपल्याचजवळ, म्हणजे नियमही पाळला गेला.

सोनाळ्यात वरात एकदाही थांबली नाही. अकीलचा हात सवयीने दांडीकडे जाई, पण काही घडत नसे. कडूबाने त्याला स्वतःच्या डब्यातले पान दिले. असा मान सहसा कोणाला मिळत नाही.

मग पाठवणी आली. सजवलेल्या गाडीजवळ छकुली उभी होती. अकीलने गाणे धरले. सूर स्वच्छ, सरळ, शाळेच्या प्रार्थनेसारखा. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एका पाहुण्याने फोन काढला, छकुलीने त्याच्याकडे बघून हात उंचावला. तेवढ्यात तानुबाई गर्दी सारत पुढे आली.

"काऊन रे भाऊ, ते रडणं कुठं गेलं? त्याच्याचसाठी तं तुले सुपारी देली."

"आत्या, सुपारीच तं आडवी आली," अकील म्हणाला, आणि गिटार उलटी करून दाखवली.

कडूबाने काम झाल्याशिवाय सुपारी काढायची नाही, काढली की गिटार पुन्हा बेसूर होईल, असे बजावले. वर हळूच गाद्यांची आठवणही करून दिली. अकीलने त्याच्याकडे पाहिले.

"मास्तर, पाठवणीच्या मांगून आपलं कोणतं गाणं हाय?"

कडूबाने मनातल्या मनात यादी चाळली असावी. पाठवणीनंतर पार्टी सामान भरते आणि जेवते.

"काढ," तो म्हणाला.

तारा सैल करून, पेचकसाने सुपारी उपसून, पुन्हा तारा जुळवेपर्यंत गाडीच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. नंतर अकीलने दांडी दाबली. पहिल्या हुंदक्याला तानुबाईने पदर डोळ्यांना लावला, दुसऱ्याला छकुली तिच्या गळ्यात पडली. फोन खिशात गेले. तिसऱ्यानंतर गिटार पार बेसूर झाली होती, पण एवढ्या रडण्यात ते मला तरी कळले नाही. अकीलनेच नंतर सांगितले. ड्रायव्हर नाक पुसत गाडी घेऊन गेला.

तेव्हापासून पार्टीची हीच पद्धत आहे. वरातीत सुपारी आत, पाठवणीला बाहेर. अडचण एकच : मोठी सुपारी पोकळीत बसत नाही आणि लहान घसरते. म्हणून काम घेताना कडूबा सुपारी दोन बोटांत धरून बराच वेळ फिरवून पाहतो, कधी बदलून मागतो. लोकांची समजूत झाली आहे, की त्याला सुपारीवरून जोडप्याचे पुढचे कळते. मेहकरकडच्या एका पार्टीचा मास्तरही आता तसेच करतो, असे ऐकतो. त्यांच्याकडे तर गिटारच नाही.