टकटकसाहेबांची खात्री

घरदुरुस्तीचं सरकारी अनुदान दोन हप्त्यांत मिळायचं. पहिला हप्ता काम सुरू करायला, दुसरा पाहणी झाल्यावर. आणि पाहणीला यायचे टकटकसाहेब. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही. मधलं बोट वाकवून थेट भिंतीवर टक टक. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर "काढा ही टाइल!"

माणूस जन्मतः संशयी नव्हता हो. लोकांनी केला. एकच नवंकोरं दार बिजागऱ्यांसकट पाच घरांतून फिरताना त्यांनी पाहिलं होतं. एका घरी बेसिन होतं, खाली पाइपच नव्हता, आणि घरमालक वर तोंड करून सांगत होता, "साहेब, कालपर्यंत होता!" ओल आलेल्या भिंतीला रंग फासून समोर पंखा लावून बसलेले महाभागही भेटले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेब साधं पाणीही फुंकून प्यायला लागले. बायको म्हणायची, "बरं झालं आपलं लग्न या नोकरीच्या आधी झालं. नाहीतर मलाही वाजवून पाहिलं असतं यांनी!" यावर ते हसायचे नाहीत. ही असं का म्हणाली, याचा विचार करत बसायचे.

त्यांची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई लवकर गेली, त्यामुळे या ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. तिचा नवरा, म्हणजे दाजी, शाळेत कवायत शिकवणारे मास्तर. ताठ माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ताईच त्यांना अंघोळ घालायची, आणि रोज असं बायकोसमोर उघडं बसायचं दाजींच्या अगदी जिवावर यायचं. त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती: दार लावून, एकट्याने अंघोळ. म्हणून ताईने अर्ज केला. न्हाणीघराचा उंबरा काढायचा, बसायला ओटा करायचा आणि भिंतीला आधाराची दांडी लावायची.

नात्यातलं काम म्हणून पाहणीला ऑफिसातला दुसरा माणूस गेला. त्याला सगळे जाड्या म्हणायचे. परत आल्यावर चहा ढवळत जाड्या म्हणाला, "तुमच्या ताईंचं काम ना? डोळे झाकून सही केली बघा!"

झालं! तो बोलून मोकळा झाला आणि इकडे साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. डोळे झाकून? म्हणजे काम कच्चं आहे. ताईने माझं नाव पुढे केलं असणार. गवंड्याने तिला गंडवलं असणार. किंवा ताईनेच... छे, ते त्यांनी मनातल्या मनातही पूर्ण केलं नाही. पण रविवारी सकाळी स्वारी ताईच्या दारात हजर.

"अगबाई, आज इकडे वाट चुकलास?" ताई म्हणाली. मग भावाच्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "पाहुणा म्हणून आलायस की पाहणीला?"

"सहज गं," म्हणत साहेब सरळ न्हाणीघरात शिरले.

टक टक. भरीव. टक टक. भरीव. काम इतकं सुरेख होतं की साहेबांचा संशय आणखीच वाढला. बोट दांडीजवळ आलं. टक टक. पोकळ!

"ताई, सापडलं!" आवाजात आनंद होता. हो, आनंदच! लाज वाटायला हवी होती.

"काय सापडलं?"

"चोरी. आत भरावच नाही. दाजींनी जोर दिला की दांडी हातात येणार. माझं नाव सांगितलं असशील तू त्या जाड्याला."

"अरे, रोज धरतात ते. हलतसुद्धा नाही."

"आज नाही हलली. उद्याचं काय?" आणि त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. रविवारी बहिणीकडे येताना पिशवीत छिन्नी-हातोडी, काय म्हणावं या माणसाला! "थांब, आधी गवंड्याला विचारू," असं ताई म्हणेपर्यंत घाव बसला होता.

टाइल फुटली. आत लाकूड होतं. जुनी भिंत भुसभुशीत, स्क्रू धरत नव्हती, म्हणून विटा खरवडून आत जाडजूड फळी बसवली होती आणि दांडी त्या फळीला आवळली होती. लाकडाचा आवाज पोकळच येणार. छिन्नी टाइलमधून थेट फळीत घुसली होती आणि फळी उभी चिरली होती. दांडी एका बाजूने लोंबत होती.

ताई ओट्यावर बसली. "सांगितलं होतं मी तुझं नाव," ती म्हणाली. "म्हटलं, माझा भाऊ याच खात्यात आहे, नीट बघून घ्या, काही राहिलं तर तो मला सोडायचा नाही. तर तो बिचारा बूट काढून आत आला आणि दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळला! एवढा मोठा देह! किती हसलो होतो आम्ही."

"मग डोळे झाकून सही केली असं का म्हणाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल रे. माणसं बोलतात असं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्याच गवंडी आणतो, फळी बदलतो, असं काहीबाही साहेब बडबडत राहिले. इतक्यात दाजी काठी टेकत दारापाशी आले. खांद्यावर टॉवेल होता. त्यांनी लोंबणाऱ्या दांडीकडे पाहिलं. आता कवायतीच्या आवाजात झापतील असं साहेबांना वाटलं. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"मेव्हणे, माझी अंघोळीची वेळ झाली," एवढंच ते म्हणाले.

"मी धरतो ना तुम्हाला, दाजी."

"नको."

ताई उठली. तिने बाह्या वर सारल्या आणि नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघं आत गेली. दाजी ओट्यावर आणि ताई त्यांच्यासमोर, म्हटल्यावर दार लावायला जागाच उरली नाही. साहेब पाठ करून बाहेर उभे राहिले. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"दार लाव ना," दाजी हळूच म्हणाले.

"लागत नाही हो," ताई म्हणाली. "आज मी आहे ना आत."