कोरेगावची टेप आणि कराडची रेकॉर्ड

मी पोलीस ठाण्यात अधिकारी असताना आलेल्या त्या फिर्यादीला आता बरीच वर्षे झाली, पण तिचा तपास मला कालच्यासारखा आठवतो.

फिर्यादी कोरेगाव तालुक्यातले, सत्तरी ओलांडलेले ऊस बागायतदार. तरुणपणी मुंबईत ते ऑर्गन वाजवत. धाकटा भाऊ ड्रमवर, शिवाय दोन मित्र. चौघांनी एकच रेकॉर्ड काढली होती, प्रोग्रेसिव्ह रॉकची. म्हणजे एकच गाणे अख्खी बाजू व्यापणारे, मध्येच ताल बदलणारे. ती खपली नाही. भाऊ पुढे वारला. ध्वनिमुद्रणाची मूळ टेप मात्र यांनी कपाटात जपली होती, आणि तीच चोरीला गेली होती.

हवालदार म्हणाला, "काका, असल्या टेपा आता कोण चोरतंय?"

"त्ये शोधायलाच आलोय की तुमच्याकडं," म्हातारा तडकला.

मी फिर्याद नोंदवून घेतली आणि सांगलीच्या एका रेकॉर्ड विक्रेत्याला टेपची माहिती देऊन ठेवली. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. "साहेब, ती रेकॉर्ड नव्यानं छापून आलीय. दुर्मीळ म्हणून परदेशातूनही मागणी आहे. माल कराडहून येतो."

कराडहून माल पाठवणारा माणूस शिकलेला, गोडबोल्या. फिर्यादीने त्याला पाहताच ओळखले. जुन्या संगीतावर लिहितो असे सांगून तो त्यांच्या घरी जेवून गेला होता. चौकशीत तो जराही डगमगला नाही.

"टेप मी नुसती पाहिली, साहेब. नेली नाही. बाजारात जुनी रेकॉर्ड मिळाली, तिच्यावरून नवी छापली. परवानगी घ्यायची राहिली, एवढंच."

लहान गुन्हा कबूल करून मोठा झाकायचा, हे हुशार आरोपी नेहमीच करतात.

मी ठाण्यात रेकॉर्ड प्लेअर मागवला. आधी फिर्यादीच्या घरची जुनी रेकॉर्ड लावली. गाणे हळूहळू विरत संपले. मग कराडची नवी लावली. यात गाणे विरले नाही, पुढे चालूच राहिले. ड्रमचा शेवटचा ठोका पडला आणि एक तरुण आवाज हसत म्हणाला, "दादा, लय भारी झालं!"

फिर्यादी खुर्चीतून उठले. "साहेब, ह्यो माजा धाकटा. कंपनीनं ह्ये कापलं हुतं. फकस्त टेपवर हाय ह्ये."

मी आरोपीकडे वळलो. "जुन्या रेकॉर्डवर नसलेला आवाज तुमच्या रेकॉर्डवर कुठून आला?"

त्याने पाणी मागितले. ग्लास हातात तसाच धरून तो म्हणाला, "गोदामात आहे टेप."

त्याच दुपारी पंचांसमक्ष गोदामाची झडती घेतली. टेप मूळ डब्यासकट मिळाली. पंचनामा करताना माझे अक्षर आनंदाने वाकडे येत होते. पुढे खटल्यात आरोपीला शिक्षा झाली आणि टेप मालकाच्या घरी परतली.

मग फिर्यादीनेच रीतसर नवी रेकॉर्ड काढली, मुखपृष्ठावर चौघांची नावे घालून. सांगलीत तिचा समारंभ झाला. पुण्या-मुंबईहून आलेल्या तरुणांनी सभागृह भरले होते. म्हाताऱ्याने आखडलेल्या बोटांनी ऑर्गन वाजवला आणि सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. व्यासपीठावरून उतरताच फिर्यादीने माझा हात घट्ट धरला. "जितलो, साहेब!"

नोकरीभर मी चोरीच्या मालाचे रंग, माप, वर्णन लिहून घेत आलो होतो. त्या प्रकरणानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो: यात असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही? त्यावर माणसे जे सांगतात, ती खरी फिर्याद असते.