काकणवालीचा हेवा

तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष असताना मी एक विनयभंग ‘मिटवला’. गावातल्या दुकानदाराने शेजारच्या मुलीला हात धरून आत ओढलं होतं. मी त्याला देवळात नारळ ठेवून माफी मागायला लावली, स्वतः देवाला गाऱ्हाणं घातलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

चतुर्थीआधी कुडाळहून आमच्याकडे बायकांना बांगड्या भरायला काकणवाली यायची. बोचकं पडवीत टेकलं की पहिला हुकूम, “बापयांनी भायर जावा!” मी अध्यक्ष, तरी बाकी पुरुषांबरोबर माडाखाली. ती बाईचा हात घेऊन चेपत बसायची. “हात आखडलो तर काकणां फुटतत,” म्हणायची. हात सैल झाला की बाई बोलू लागायची आणि ही नुसतं ‘हं’ करायची. साऱ्या घरांतलं तिला ठाऊक, माझ्याकडे फक्त कुंपणांची भांडणं! मी जळायचो. ईर्ष्येने मी महिलांसाठी तक्रारपेटी लावली. वर्षभरात एकच चिठ्ठी आली: “चावी कोणाकडे आसा?” चावी माझ्या खिशात होती.

गेल्या चतुर्थीला माझ्या मुलीचा हात सैल होईना. मनगटावर काळानिळा वळ होता. काकणवालीने काकणं बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती, माझी बायको आणि मुलगी ओरोसला पोलिसांत जाऊन आल्या. तोच दुकानदार. मला संध्याकाळी कळलं; आणि लाज वाटते सांगायला, त्याचा राग यायच्या आधी मला काकणवालीचा हेवा वाटला.

“माका कित्याक नाय सांगलंस?” मी मुलीला विचारलं.

“तुमी परत नारळ आणलो आसतास, बाबा.”

मग शेजारच्या मुलीनेही तक्रार दिली. त्याने माझ्यासमोर गुन्हा कबूल केला होता, आणि मीच तो दडपला, असा जबाब मी दिला. लिहिणाऱ्या हवालदारीणबाईंनी मान वर केली नाही. आता दुकानाला कुलूप आहे, खटला चालू आहे. मुलगी कॉलेजात जाते. माझ्याशी बोलते, पण बेताने.

यंदा काकणवाली म्हणाली, गुडघे संपले, आता येणं नाही. मी बोचकं उचलून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेलो. “मावशी, बायका तुकाच कशी सांगतत? मी काय कमी केलंय? सभा घेतलंय, पेटी लावलंय, भाषणां केलंय...” एसटी वळणावर दिसेपर्यंत माझी यादी चालूच होती.

तिने बोचकं माझ्या हातातून घेतलं.

“इचारलास तुमी, आणि बोलतास पण तुमीच. माका खंय बोलूक दिलास?”