दोन माणसांच्या खोलीतली चोरओटी

माझे वडील चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे इतके असायचे, की लहानपणी मी त्यांच्यावरच झोपायचो. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी पेनाकडं जातो.

लग्नानंतर आळेफाट्यावर खोली शोधताना मात्र ते पेन काही कामाला आलं नाही. येडगावच्या घरात दोनच खोल्या, त्यात आई-वडील आणि थोरल्या भावाचा संसार. मी फाट्यावर छापखान्यात, बायको तिथल्याच एका दवाखान्यात. सहा घरमालकांनी एकच प्रश्न विचारला, "पोरं हायेत का?" नाहीत म्हटलं की चेहरा खुलायचा. मग पुढचा प्रश्न, "व्हणार हायेत का?"

सातव्या ठिकाणच्या घरमालकीण काकू खालीच राहायच्या; त्यांनी काही विचारलंच नाही. करारनाम्यातच लिहून ठेवलं होतं: फक्त दोन माणसं. पोरं भिंती रंगवतात आणि टाकी रिकामी करतात, हे त्यांचं मत. वाचून राग आला. पण सही केली.

आजकालच्या पोरापोरींना मूलच नको असतं, असं भाषणांत ऐकलं की माझं डोकं फिरतं. नको कुठं असतं? ठेवायचं कुठं, ते सांगा! आम्ही ठरवलं होतं, आधी स्वतःचा फ्लॅट, मग मूल. दर दिवाळीला एखादी नवी इमारत बघून यायचो आणि दर दिवाळीला भाव आमच्या पुढं पळालेला असायचा. तिसऱ्या दिवाळीला बायको म्हणाली, "असंच चाललं तर आपलं पोर थेट पेन्शनीत जन्माला येईल." आम्ही फ्लॅटची वाट बघणं सोडून दिलं.

बायकोचा तिसरा महिना सरला तशी आई चोरओटी भरायला आली. घरच्या बायकांनी गुपचूप भरायची ही ओटी, गावभर बोभाटा नको म्हणून. आम्हाला तर बोभाटा परवडणारच नव्हता. काकूंना कळलं की खोली गेली, आणि गरोदर बाईला दुसरी खोली कोण देणार? मी दारातच बजावलं, "आवाज अजिबात नको." आई, वहिनी आणि दोन मावश्या चपला हातात घेऊन जिना चढल्या. का, ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मी फळं घेऊन परतलो, तर काकू सतरंजीवर बसलेल्या!

"पाच सवाशिणी लागत्यात," आई म्हणाली. "तुझ्या आत्याचा गुडघा धरला, ती आली न्हाई. मग खालच्या वहिनींना बोलावलं. तू आवाज नको म्हणालास, म्हणून हळूच हाक मारली."

सवाशिणीच का, हे माझं आईशी जुनं भांडण. पण आज वेळ निराळी होती. मी छाती भरून श्वास घेतला. "काकू, निवारा हा प्रत्येक माणसाचा..."

"गप रे. ओंजळी चुकतील माझ्या."

पाचवी ओंजळ बायकोच्या पदरात पडली. मग काकूंनी विचारलं, "करारात किती माणसं लिवलीत?"

"दोन," बायको म्हणाली. "आज तरी दोनच आहोत, काकू."

आईनं तोंडाला पदर लावला. तिला आत्ता कुठं उमगलं.

"माझ्या पोराचा पुण्यात फ्लॅट हाय," काकू म्हणाल्या. "दोन बेडरूम. एकात ती दोघं, दुसऱ्यात हप्ते! म्हणत्यात, हप्ते संपू द्या, मग बघू. तवर सुनेचे केस पांढरे व्हतील." त्यांनी नारळ पदरात ठेवला. "मला तिची ओटी भरायचीय अजून. जिची ओटी भरली तिलाच बाहेर काढू व्हय? आण तो करार."

मी कपाटातून आमची प्रत काढली. त्यांनी माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि 'फक्त दोन माणसं'च्या पुढं लिहिलं, 'व एक लहान'. खाली ठसक्यात सही ठोकली.

मग पेन हवेतच धरून बायकोकडं रोखून बघितलं.

"जुळी न्हाईत ना गं?"