नापसंत गाण्यांची रेकॉर्ड

सांगू की नको, असं करता करता सांगतेच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, शेवटी जमणार नाही.

मी घरात मुकी म्हणून प्रसिद्ध. पाहुणे आले की मी दाराआड. आई म्हणते, "हिच्या तोंडातनं शबुद काढायचा तर पक्कड लागंल." अशी मी चारचौघांत एकदाच बोलले. पण काय बोलले!

दादा मिलिटरीत. सुट्टीवर येताना त्यानं रेकॉर्ड प्लेअर आणला आणि एक इंग्रजी रेकॉर्ड. कव्हरवर लांब केसांची चार पोरं, सगळी उपाशी असल्यासारखी. इंग्रजीत मी वर्गात पहिली, म्हणून शब्दकोश घेऊन कव्हरच्या मागच्या मजकुराचा अर्थ लावला. ही पोरं अगदी नवखी असताना एका कंपनीनं त्यांची गाणी भरून घेतली आणि 'नको' म्हणून फेकली. पुढं पोरं जगभर गाजली, तेव्हा तीच फेकलेली गाणी नव्या कव्हरात बाहेर आली.

मला इतकं आवडलं म्हणून सांगू! गाणी नव्हे हो, हकिगत. गाणी म्हणजे उसाच्या चरकात पत्र्याचा डबा घातल्यासारखी.

त्याच आठवड्यात अक्काला बघायला सांगलीचे पाहुणे आले. मुलगा कुपवाडला कारखान्यात, स्वतःची फटफटी. आधीच्यांनी अक्काला नाकारलं होतं, कुणी रंगावरून, कुणी उंचीवरून. पण ते बोलायचं नसतं. आमच्याकडे बघायला येणारा प्रत्येक पाहुणा पहिलाच असतो. आबांनीही तसंच सांगितलं होतं, पोरगी अजून कुणाला दाखवलीच नाही म्हणून.

अक्का पाटावर बसली. पोहे फिरले. पुढं कुणीच बोलेना, म्हणून दादानं रेकॉर्ड लावली. मुलाचा पाय ठेक्यावर हलायला लागला. त्याची आत्या मात्र दचकली.

"अगं बया, ही कोण वरडत्यात?"

दादानं कौतुकानं मला पुढं ढकललं. "हिला इचारा. आमची धाकटी. समदं वाचलंय हिनं."

मी अक्काकडे बघितलं. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं. वाटलं, हिला धीर येईल असं काहीतरी बोलावं. आणि मी बोलले. सगळी हकिगत, एकदाही न अडखळता.

आत्याबाई म्हणाल्या, "मग नाकारल्यालं कशाला घ्यायचं गं इकत?"

इथं गप्प बसले असते तर? पण नाही!

"आवं, नाकारलं म्हंजे वाईट असतंय असं न्हाई. आमच्या अक्काला कराडच्यांनी नाकारलं, इस्लामपूरच्यांनी नाकारलं, वाईच्यांनी तर पोहे खाऊन निरोपसुदीक धाडला न्हाई. म्हून काय अक्का वाईट हाय व्हय?"

रेकॉर्ड चालूच होती. आबा आढ्याकडे बघत होते. आत्याबाईंनी अर्धी बशी खाली ठेवली. "व्हय का," म्हणाल्या.

फटफटी गेली. मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मध्यस्थ मामा निरोप घेऊन आले. मुलगी पसंत नव्हती. ते कळलेलंच होतं. चहा पिऊन, चपलेत पाय घालताना त्यांना आठवलं.

"आणि पोरगा म्हंतोय, ती रेकॉर्ड लय आवडली. ऐकायला मिळंल का?"

अक्काच उठली. रेकॉर्ड कव्हरात घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली. आणि मामांच्या नव्हे, माझ्या हातात दिली.

"तूच जा मामांसंगं. मागचं वाचून दाव त्यास्नी. तुला लय चांगलं जमतंय."