दादाच्या छपरावरचा बर्फ

आज आईशी खोटं बोलले. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितेय.

माझा मोठा भाऊ कॅनडात असतो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने छपरावरचे सोलर पॅनल दाखवले, बर्फाखाली पार झाकलेले. लोणावळ्याजवळ औंढ्याला आमच्याही घरावर पॅनल आहेत, आई ते दर आठवड्याला धुते. ती लगेच म्हणाली, "आरं, वर चढून झाडून घे की. आमी हितं धूळ तरी बसू देतो का?"

"आई, पॅनल तिरके असतात. ऊन पडलं की बर्फ आपोआप घसरतो," दादा हसत म्हणाला.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. दादा बर्फ झाडायला वर चढला आणि खाली पडला. मणक्याला मार बसलाय, पाय हलत नाहीत.

मी लोणावळ्याला राहते, तिथून औंढ्याला आईकडे गेले. दादा पडल्याचं सांगितलं, तसं आईने विचारलं, "कुटं पडला?"

"रस्त्यावर घसरला."

मग आई म्हणाली, "मला वाटलं, माझं ऐकून वर चढला का काय."

परत निघाले तेव्हा दवाखान्यातून दादाचा मेसेज आला, "आईला छपराचं सांगू नकोस."

तुम्ही माझ्या जागी असतात, तर तिला खरं सांगितलं असतं का?