चाकांना पाणी लावायचं नाही

गाडीच्या चाकाला पाण्याचा थेंब लागला तरी आमच्या आत्याबाई अशा ओरडायच्या की मोटेचे बैल बिचकायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणायची रीत. आणि गाडी म्हणजे त्यांची चाकांची खुर्ची. हल्ली दवाखान्यात अशा खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात. कुणीही यावं, कुणालाही बसवावं, ढकलत न्यावं. एखाद्या चाकाची किरकिर कानावर आली की मला बसवत नाही. पण सांगायला जावं तर म्हणतील, म्हातारी चळली. म्हणून मी गप्प बसते. आत्याबाई असत्या तर तिथल्या लोकांची खैर नव्हती.

राहात्याला आमचा मळा. मी लग्न होऊन आले त्याच साली, लढाई चालू असताना, आत्याबाई कडब्याच्या गंजीवरून पडल्या. पाठीला मार बसला आणि कमरेखालचे पाय गेले ते गेलेच. हाडवैद्य झाले, नगरचा दवाखाना झाला, अंगारेधुपारे झाले. ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्यानं गडी कामाला लागायचे, तिला आता लेकानं सकाळी उचलून ओट्यावर ठेवायचं आणि दिवस मावळला की उचलून घरात आणायचं. उचललं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पोतं बरं गं. त्याला लाज नसती." मला त्यांची भीती वाटायची, राग तर रोजच यायचा, पण त्या दिवशी चुलीपुढं बसून मी रडले.

लढाई संपली आणि नगरला लष्करी सामानाचे लिलाव सुरू झाले. लोक तिथून ताडपत्र्या आणायचे, बूट आणायचे, पत्र्याचे डबे आणायचे. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, गेले होते ताडपत्रीला आणि आले ही खुर्ची घेऊन. लोखंडी सांगाडा, वेताची बैठक, सायकलसारखी तारांची दोन मोठी चाकं, त्यांवर भरीव रबर, आणि बसल्या बसल्या हातानं फिरवायला चाकाला बाहेरून कडं. कुठल्या गोऱ्या सोल्जराची होती देव जाणे. शेजारच्या बाया बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याबाईंनी कुणाकडं पाहिलं नाही. त्या बसल्या, कडं धरून चाक लोटलं, थेट चुलीपाशी आल्या, डाळ चाखली आणि म्हणाल्या, "मीठ लई झालंय." गंजीवरून पडल्यापासून त्या चुलीपाशी आल्या नव्हत्या. मला फार आनंद झाला असं म्हणाले तर ते खोटं होईल.

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. आत्याबाईंना माहेरी जायचं होतं. त्यांचं माहेर संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. तिथं त्यांची आई होती, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली. पडल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दर सणाला निरोप जायचा, पाय मुरगळलाय, आराम पडला की येते. भावाला सगळं ठाऊक होतं, तोही आईपुढं तेच सांगायचा. गाडीत घालून न्यायला तो कितीदा आला, पण आत्याबाई हलल्या नाहीत. लेकाच्या नाहीतर भावाच्या हातांवरून आईपुढं जायचं नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. आता खुर्ची आली म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, भाऊबीजेला जायचं.

त्याआधी आली खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा. नांगर, कुळव, विळे, कोयते सगळं घासूनपुसून मांडलं. आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा नांगर पुजता, मंग माजी गाडी का न्हाई? मला तीच चालवती." बरोबरच होतं. मग मामंजी आणि ह्यांनी मिळून खुर्ची विहिरीवर नेली आणि बैलगाडी धुतात तशी धुतली. बादलीमागून बादली. चाकांच्या मधल्या लोखंडी बोंडात राख घालून काथ्यानं घासलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आत्याबाई मखरातल्या देवीसारख्या बसल्या होत्या आणि मी तसं बोलून दाखवल्यावर चक्क हसल्या.

काही दिवसांनी चाक कुईकुई करू लागलं. "वंगन मागतीया," मामंजी म्हणाले आणि त्यांनी बैलगाडीच्या आसाला घालतात तेच, एरंडेलात कालवलेली काजळी, बोंडात भरली. बैलगाडीला जे मानवतं ते हिला का मानवू नये, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. कुईकुई थांबली. पण चाक जड झालं. आत्याबाईंचे खांदे रात्री दुखत असले पाहिजेत, कारण त्या मला शेक मागायच्या. चाकाबद्दल मात्र त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर जाणं पुढं ढकललं गेलं असतं.

भाऊबीजेच्या सकाळी आत्याबाई, हे आणि मी संगमनेरच्या मोटरीपाशी उभे होतो. मागं कोळशाची टाकी लावलेली मोटर, धूर सगळा अंगावर. खुर्ची टपावर कशी चढवायची ह्याचा हुकूम खालून आत्याबाईंनी दिला. बैठकीवरची गादी काढून माझ्या काखेत. पाय ठेवायच्या पट्ट्या सोडवून पिशवीत. खुर्ची उलटी ठेवायची, चाकं आभाळाकडं, म्हणजे हादरे चाकांना बसत नाहीत. क्लीनरनं दोर तारांमधून ओवायला घेतला तशा त्या कडाडल्या, "आरं मुडद्या, सांगाड्याला बांद! तारा वाकल्या तर चाक लंगडं व्हईल. एका घरात एक लंगडी पुरं झाली!" सगळी मोटर हसली. मग त्या मोटरीकडं पाठ करून पायरीवर बसल्या आणि दोन्ही हातांवर अंग तोलत एकेक पायरी वर सरकल्या. मी त्यांचे पाय धरून मागोमाग. एकजण म्हणाला, "मावशी, उचलू का?" त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बिचारा संगमनेरपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला.

संगमनेरला मोटर बदलून अकोल्याला उतरलो. तिथं आत्याबाईंचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. खुर्ची टपावरून उतरवून जमिनीवर ठेवली, आत्याबाई बसल्या, कड्याला हात घातला, आणि उजवं चाक हलेना. ह्यांनी जोर लावला तर सगळी खुर्ची सरकली, चाक मात्र फिरलं नाही. आत्याबाईंचं तोंड उतरलं. एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. गाडीतून मीच उचलून नेतो घरात. आईला कुठं दिसतंय?"

"दिसत न्हाई, पर ऐकू येतंय ना? माजा आवाज तुज्या खांद्यापासनं आला तर तिला कळंल न्हाई व्हय?"

आत्याबाई मला म्हणाल्या, घोंगडी अंथर. लिंबाखाली घोंगडीवर बसून त्यांनी चाक मांडीवर घेतलं. खुर्चीबरोबर आलेला लहानसा पाना त्या कमरेच्या चंचीत सुपारीशेजारी ठेवायच्या, मी त्यावरून त्यांची थट्टाही करायची. त्याच पान्यानं त्यांनी बोंड सोडलं. आतून लाल चिखल निघाला. गंज, राख, काजळी, एरंडेल. त्यात रुतलेले, ज्यांच्यावर चाक फिरतं ते बारीक लोखंडी छर्रे. आत्याबाईंनी तो चिखल दोन बोटांत चोळून पाहिला. "पूजा करून मारलं की गं आमी ह्याला," त्या म्हणाल्या.

बैलगाडीच्या कंदिलातलं रॉकेल काढलं. छर्रे एकेक धुऊन त्या माझ्या पदरात टाकत होत्या. एक निसटला आणि धुळीत गेला. आम्ही दोघीही हातांनी माती चाळत बसलो, पण तो सापडला नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या म्हणाल्या, "एक दात पडला म्हनून मानूस जेवायचं थांबत न्हाई. तेल काड."

तेल कुठलं? आम्ही आणलंच नव्हतं. पण माझ्या पिशवीत चमेलीच्या तेलाची बाटली होती. आदल्या दिवशी पाडव्याला ह्यांनी मला ओवाळणीत घातलेली, आयुष्यातली पहिली. बूचसुद्धा उघडलं नव्हतं. आत्याबाईंना ते ठाऊक होतं, त्यांनी नुसता हात पुढं केला. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे बैलांकडं बघत होते. दिली बाटली. बोंड घट्ट करून त्यांनी चाक बोटानं फिरवलं, तर ते फिरतच राहिलं. मग दुसरं चाकही तसंच उघडून, धुऊन, तेल घालून घेतलं. माझी बाटली तळाला गेली.

"आता ऐक," त्या बोट दाखवून म्हणाल्या, "हितनं पुडं ह्या चाकांना पान्याचा थेंब लागला, तर तुला कायमची माहेरी धाडीन." मला ती शिक्षा वाटली नाही, तरी मी मान डोलावली.

बैलगाडीत पेंढ्यावर खुर्ची आडवी ठेवली आणि सारा रस्ता आत्याबाई तिच्यावर हात ठेवून बसल्या. दोन्ही अंगांना कापणीला आलेलं भात होतं. गाव आल्यावर त्या गल्लीच्या तोंडाशीच खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत निघाल्या. पुढं चमेलीचा वास, मागं सगळं गाव. भावानं ओट्याला फळी लावून ठेवली होती. फळीवर चढताना ह्यांनी मागून लोटलं, तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

दारात त्यांची आई उभी होती. हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आमच्याकडं लेक माहेरी आली की उंबऱ्याबाहेर तिच्या पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि मगच तिला आत घेतात.

"आये," आत्याबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच काढला त्यांनी. किती वेळा मनात म्हणून पाहिला असेल!

म्हातारीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग ती खाली बसली आणि पाय शोधायला हात पुढं केला. लुगड्याखालचे ते निर्जीव पाय तिनं चाचपले, गुडघ्यापर्यंत. म्हातारीचा हात तिथून बाजूला गेला, चाकाला लागला, रबरावरून, तारांवरून फिरला. बोटांना तेल लागलं ते तिनं हुंगून पाहिलं.

"आंदळी झाले गं बाये, भैरी न्हाई झाले," ती म्हणाली. "समदं गाव बोलत हुतं. तू सांगशील म्हनून मी गप ऱ्हायले." आणि तिनं तांब्या उचलला. "ह्येच ना आता तुजे पाय?"

तिनं एका चाकावर पाणी घातलं. बोंडावरून, तारांवरून, हात फिरवत, लहान मुलाचे पाय धुवावेत तसं. मग ती चाचपडत दुसऱ्या चाकाकडं वळली. मी पुढं झाले, तोंडातून "अहो, पाणी" एवढं निघालंही. आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"घालू दे," त्या म्हणाल्या.

तांब्या रिकामा झाला. मग आत्याबाईंनी आईचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. भाऊ रडला, हे तोंड फिरवून उभे राहिले. मीही उभी राहून रडत होते. तेवढ्यात आईच्या डोक्यावरून आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि आवाज मात्र पार राहात्याच्या मळ्यातला होता.

"बघत काय ऱ्हायलीस? कोरडं फडकं आन!"